चवदार तळे, गांधारपाले आणि सावित्रीचा पूर : वारसा सांभाळायचा कुणी?



२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले, ओंजळभर पाणी प्यायले आणि त्यांच्यामागून हजारो माणसे ते पाणी प्यायली. २२ जुलै २०२१ रोजी त्याच महाडमध्ये सावित्री नदीचे पाणी घराघरांत शिरले आणि शहर पाण्याखाली गेले. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली.

पहिली तारीख आपल्या वस्तीतल्या लहान पोरालाही पाठ आहे. दुसरी आपण टीव्हीवर पाहिली, धान्याचे टेम्पो पाठवले आणि पुढच्या बातमीकडे वळलो. या दोन तारखा एकत्र वाचल्या पाहिजेत, असे आमचे म्हणणे आहे. हवामान बदलावर बोलताना आपण शेती, दुष्काळ आणि घरांची पडझड यांविषयी बोलतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच पाण्यात आपला इतिहासही भिजतो आहे, आणि तो वाचवायला आपल्याखेरीज कुणी येणार नाही.

ज्या नदीने बाबासाहेबांना महाडला आणले

महाडचा लढा आपण 'तळ्याचा लढा' म्हणून सांगतो. त्यात कागदाचा आणि नदीचाही वाटा आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळाने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तसा ठराव केला. पण ठराव झाला म्हणून पाणी मिळाले नाही. तीन वर्षांनी, मार्च १९२७ च्या परिषदेनंतर, माणसे स्वतः चालत तळ्यावर गेली तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. त्या दिवशी 'हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार' अशी अफवा उठवून परिषदेला आलेल्यांना मारहाण झाली. मग १०८ घागरी पाणी काढून, शेण-गोमूत्र मिसळून तळे 'शुद्ध' करण्यात आले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

डिसेंबरच्या परिषदेसाठी धरमतरमार्गे गेल्यास गाडीवाले ऐनवेळी नकार देतील अशी शंका होती. म्हणून बाबासाहेब मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले, दासगाव बंदरात उतरले आणि तिथून पाच मैल चालत महाडला आले. परिषदेला जागा द्यायला कुणी तयार नव्हते, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. २५ डिसेंबर १९२७ रोजी तिथे मनुस्मृती जाळली गेली. तळ्याचा दावा मात्र कोर्टात दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात आपल्या बाजूने लागला.

यातली दासगावची गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. सावित्रीच्या खाडीनेच बाबासाहेबांना महाडला पोहोचवले. ते दासगाव जुलै २००५ च्या अतिवृष्टीत दरडीखाली सापडले. शेजारच्या जुईची गत तीच झाली. म्हणजे जो रस्ता आपल्या लढ्याचा रस्ता आहे, त्याच्या दोन्ही टोकांना, दासगावला आणि महाडला, पावसाने पंधरा-सोळा वर्षांच्या आत दोनदा तडाखा दिला आहे. दासगाव ते महाड या पाच मैलांवर त्या दिवसांच्या किती आठवणी माणसांच्या तोंडी, किती घरांतल्या पेट्यांमध्ये होत्या, आणि त्यांतल्या किती वाहून गेल्या, याची यादी कुणी केली आहे का? आपण तरी केली आहे का?

लेणी ही पावसाळ्यासाठी बांधलेली वास्तू

महाडला आपला आणखी एक वारसा आहे. १९ आणि २० मार्चला लाखोंनी जाणारे आपण बहुतेक जण त्याच्या पायथ्यावरून निघून जातो. मुंबई-गोवा महामार्गालगत, गांधारी नदीच्या काठच्या डोंगरात गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत, तीसच्या आसपास. तिथल्या एका शिलालेखात काणभोज विष्णुपालित या कुमाराने काय दान दिले ते कोरले आहे: लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या, दोन बाजूंना पाण्याच्या दोन पोढी आणि एक वाट.

पोढी म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके. चवदार तळ्यापासून हाकेच्या अंतरावर, दीड-दोन हजार वर्षांपूर्वी, पाणी हे दानाची वस्तू होते. ते कुणी प्यावे आणि कुणी पिऊ नये हा प्रश्न त्या शिलालेखात येत नाही. त्याच परिसरात १९२७ साली माणसाने पाण्याला शिवू नये म्हणून डोकी फुटली. बुद्धाची व्यवस्था आणि मनूची व्यवस्था यांतला फरक शिकवायला यापेक्षा चांगला वर्ग कुठे मिळणार? एका बाजूला पोढी, दुसऱ्या बाजूला तळे, मध्ये नदी.

ही लेणी का खोदली गेली तेही आपण विसरतो. भिक्खू वर्षभर चारिका करायचे आणि पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचे. तो वर्षावास. सह्याद्रीतली लेणी ही या वर्षावासासाठी उभी राहिलेली वास्तू आहे. त्यामुळे खोदणाऱ्यांनी पाण्याचा विचार आधी केला. मुंबईच्या कान्हेरीला जा. शंभराहून अधिक लेणी आहेत, आणि डोंगरउतारावर पडणारे पाणी कातळात कोरलेल्या पन्हाळींनी टाक्यांत नेलेले दिसेल. लेण्यात पाणी येऊ नये आणि वाहून वायाही जाऊ नये, ही दोन्ही कामे एकाच खोदाईत केलेली आहेत. हे बांधणारे कोण? कान्हेरीच्या लेखांत कल्याणच्या सोनाराने दिलेली पाण्याची पोढी आहे, कल्याणच्याच लोहाराने दिलेली वाट आहे. व्यापारी आहेत, भिक्खुणी आहेत, गृहपती आहेत. राजाच्या खजिन्याबरोबर कष्टकऱ्यांच्या हाताने आणि वर्गणीने हा वारसा उभा राहिला.

उभे करणे एक आणि टिकवणे दुसरे. टिकवण्यासाठी त्यांनी काय केले ते नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत लिहून ठेवले आहे. (पांडवांचा त्या लेण्यांशी काही संबंध नाही, हे आता तरी आपल्या तोंडी बसू द्या.) क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने ३००० कार्षापणांचा अक्षयनिधी ठेवला. तो मठात ठेवला नाही, ब्राह्मणाकडे ठेवला नाही. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवला: २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ व्याजाने, १००० दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल मोडायचे नाही, व्याजच वापरायचे. आता हिशेब करा. २००० वर वर्षाचे व्याज २४०. त्या लेण्यात वर्षावास करणारे भिक्खू वीस, प्रत्येकाला चीवरासाठी १२. बरोबर २४०. त्याच लेण्यातल्या दुसऱ्या एका लेखात विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधासाठी कुंभार, पाण्याची यंत्रे करणारे, तेली अशा श्रेणींकडे निधी ठेवला आहे.

विणकर, कुंभार, तेली. ज्यांना पुढे जातिव्यवस्थेने खालच्या पायरीवर ढकलले, त्याच कारागिरांच्या संघटना त्या काळी या वारशाच्या विश्वस्त होत्या. समाजशास्त्राच्या वर्गात 'समुदायाचा सहभाग' हा शब्द आम्ही परदेशी पुस्तकांतून शिकलो. तो त्रिरश्मीच्या भिंतीवर आपल्याच भाषेच्या आजीने, प्राकृताने, लिहून ठेवला होता.

ही व्यवस्था मोडली. संघ गेला, श्रेणी जातींत गोठल्या, निधी संपला. लेणी ओस पडली आणि जंगलाने गिळली. ज्यांचे पूर्वज त्यांचे विश्वस्त होते, त्यांना पुढे तिथला वारसा बघण्याचीही चोरी झाली. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले असता वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर थांबले. दारातल्या हौदावर धुळीचे हातपाय धुतले म्हणून पाणी बाटवल्याचा गलका झाला, आणि किल्ल्यात पाण्याला शिवू नये म्हणून सोबत पहारा दिला गेला. वारसा बघायचा असेल तर पाण्यापासून दूर राहा! म्हणून आमच्यासाठी वारशाचा प्रश्न पहिल्या दिवसापासून पाण्याचाच प्रश्न आहे.

पाऊस बदलला आहे

कुणी म्हणेल, दोन हजार वर्षे ही लेणी पाऊस खातच आली आहेत, आता काय नवे?

नवे आहे ते पावसाचे वागणे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. कारण समजायला अवघड नाही. हवा एक अंशाने तापली की ती साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते. अरबी समुद्र तापतो आहे, तिथून बाष्प येते आणि ते चार महिन्यांत पसरून पडण्याऐवजी चार दिवसांत कोसळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर झाला. सावित्री उगम पावते ती महाबळेश्वरला. तिथे पडलेले पाणी पोलादपूर, महाड असे उतरत येते. त्यात खाली भरती असेल आणि पात्रात गाळ असेल, तर पाणी शहरात शिरणारच.

लेण्यांवर याचा परिणाम कसा होतो? सह्याद्रीचा कातळ थरांचा आणि भेगांचा आहे. कमी वेळात जास्त पाणी पडले की जुन्या पन्हाळींना ते पेलत नाही, मग ते भेगांतून आत उतरते. मागून कडक ऊन पडते, पाणी सुकते, क्षार वर येतात, आणि भिजणे-सुकणे वाढेल तसे दगडाचे पापुद्रे सुटतात. अक्षरे आधी जातात, कारण ती वरच्या पापुद्र्यावरच असतात. अजिंठ्याची चित्रे तर माती, भुसा, गवत मिसळलेल्या गिलाव्यावर काढलेली आहेत. ओल धरली की त्या गिलाव्याला कीड लागते आणि तो भिंत सोडतो. काणभोजाचा लेख किंवा कल्याणच्या लोहाराचा लेख हा आपल्याकडचा पुरावा आहे. उद्या कुणी उठून लेण्यांना दुसरेच नाव देईल तेव्हा आपल्या हातात दाखवायला काय असेल? ती अक्षरे झिजू देणे म्हणजे दाव्यातला दस्तऐवज गमावणे.

कागदाला एक रात्र पुरते

दगडाला वर्षे लागतात. कागदाला एक रात्र पुरते, हे आपल्या चळवळीने सोसलेले आहे.

जानेवारी १९६७ मध्ये दिल्लीच्या २६, अलीपूर रोड या बंगल्यात, जिथे बाबासाहेबांचे परिनिर्वाण झाले तिथे, घर रिकामे करताना त्यांचे कागद उघड्यावर टाकले गेले. त्या रात्री पाऊस आला. त्यात किती हस्तलिखिते गेली त्याचा हिशेब आता लागणार नाही. उरलेले कागद सरकारी पेट्यांत पडून राहिले. पुढे चळवळीच्या रेट्यामुळे आणि वसंत मून यांच्यासारख्यांच्या चिवटपणामुळे ते बाहेर आले, आणि १९७९ पासून महाराष्ट्र शासनाचे खंड छापले जाऊ लागले. आज तुम्ही-आम्ही ज्यांच्या आधारे वाद जिंकतो ते खंड त्या पावसातून वाचलेल्या कागदांचेही आहेत. तेव्हा हवामान बदल हा शब्दही कुणाच्या तोंडी नव्हता. एका रात्रीचा साधा पाऊस आणि माणसांची बेपर्वाई, एवढ्याने ते घडले.

आता आपल्या वस्त्या पाहा. कोकणातल्या बौद्धवाडीत पंचायत शाखेचे दप्तर एका पत्र्याच्या पेटीत असते: ठरावाची वही, वर्गणीची वही, १९५६ नंतर कुणी कधी दीक्षा घेतली त्याच्या नोंदी. जुन्या जलशात गाणाऱ्या आजोबांच्या हस्ताक्षरातली गाण्यांची वही माळ्यावर असते. 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत'चे सुटे अंक, सत्याग्रहाला गेलेल्या पणजोबांचा एकुलता एक फोटो, मोर्च्यांची पत्रके. बहिष्कृतांचा इतिहास सरकारी दप्तरखान्यात फार थोडा सापडतो आणि जो सापडतो तो बहुतेक पोलिसांच्या अहवालात. बाकीचा इतिहास या पेट्यांत आहे. आणि या पेट्या कुठे आहेत? गावकुसाबाहेर, अनेक गावांत ओढ्याच्या काठाला, सखल जमिनीत. शहरात नाल्याकाठच्या झोपडपट्टीत. जातीने आपल्याला जी जागा दिली, पूर आधी तिथेच येतो. पूर ओसरला की पंचनामे होतात. त्यात भांडी येतात, धान्य येते, गुरे येतात. गाण्यांची वही कोणत्याही पंचनाम्यात येत नाही.

'माणसे बुडतात आणि तुम्ही कागदांचे काय घेऊन बसलात?'

हा आक्षेप आम्ही आपल्याच कार्यकर्त्यांकडून ऐकतो. त्याला उत्तर दिले पाहिजे. माणूस पहिला, यात वाद नाही. पण माणूस का बुडतो? त्याची वस्ती सखल जागी का आहे, धोकादायक उताराखाली का आहे, हे सिद्ध करायला इतिहास लागतो. वस्ती कधीची आहे, पाण्याची रेघ पूर्वी कुठपर्यंत आली होती, पुनर्वसनाची मागणी कोणत्या साली केली होती, हे सगळे शाखेच्या ठरावाच्या वहीत असते. ती वही गेली की आपली मागणी 'कालची' होते. १९३७ चा निकाल घोषणांनी लागला नव्हता. दहा वर्षे कागद, साक्षी आणि पुरावे जपले म्हणून लागला.

दुसरा आक्षेप धम्माच्या नावाने येतो: सर्व अनित्य आहे, मग जपायचे कशाला? तथागतांनी अखेरच्या क्षणी अनित्यतेची आठवण दिली हे खरे, पण त्याच श्वासात अप्रमादाचा, म्हणजे जागरूक राहून काम पुरे करण्याचा, उपदेशही केला. संघाच्या वास्तूंच्या बांधकामावर आणि दुरुस्तीवर लक्ष ठेवणाऱ्याला 'नवकम्मिक' असे स्वतंत्र नाव होते. कान्हेरीच्या लेखांतही ते येते. अनित्यता मानणाऱ्यांनीच दुरुस्तीसाठी माणूस नेमला होता. आळसाला अनित्यतेचे नाव देऊ नये.

तिसरा आक्षेप: हे काम सरकारचे आहे. हो, आहे. संविधानाच्या ४९ व्या कलमाने राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके जपणे ही राज्याची जबाबदारी केली आहे. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे. पण या कायद्याच्या छत्राखाली दगड येतो, जलशाची वही येत नाही. तिच्यासाठी आपल्याकडे २९ वे कलम आहे. नागरिकांच्या कोणत्याही गटाला आपली वेगळी भाषा, लिपी, संस्कृती जतन करण्याचा हक्क ते देते. हक्क आहे म्हणजे काम आपल्याला करायचे आहे. १९२४ च्या ठरावाने तळे आपोआप खुले झाले नव्हते, हे महाडने शिकवले आहे.

मग काय करायचे?

मोठ्या निधीची वाट न पाहता पुढच्या मृगाच्या आत सुरू करता येतील अशी ही कामे आहेत.

एक, नोंद. प्रत्येक विहाराने एक वही घालावी. वस्तीत कुणाकडे काय आहे: गाण्यांच्या वह्या, फोटो, जुनी वर्तमानपत्रे, दीक्षेच्या नोंदी. वस्तू घरातच राहू द्या, मालकी त्या घराचीच राहील. यादी मात्र विहारात हवी. सोबत वयस्कर माणसांचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. पुरात वाहून जाण्याआधी माणूसच जातो, हेही ध्यानात ठेवा.

दोन, पुराची रेघ. तुमच्या गावात सर्वांत मोठ्या पुराचे पाणी कुठवर आले होते ते जाणत्यांना विचारा आणि विहाराच्या भिंतीवर रंगाने तशी रेघ ओढा. दप्तराचे कपाट त्या रेघेच्या वर असले पाहिजे. कागद घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा आणि उन्हाळ्यात एकदा बाहेर काढून सावलीत वारे द्या. फोटो आणि जुनी पत्रके लॅमिनेट करू नका, आतली ओल आतच राहते आणि पुन्हा कधीच सोडवता येत नाही.

तीन, दोन प्रती, दोन ठिकाणी. मोबाइलने नीट उजेडात प्रत्येक पान टिपा. कोकणातल्या आपल्या संघटनेला गावशाखा आणि मुंबई शाखा अशी सवय आहेच. एक प्रत गावी, एक मुंबईत, वरच्या मजल्यावर. एकाच नदीच्या काठी दोन्ही प्रती नकोत.

चार, भिजलेच तर. पाने ओढून सुटी करू नका. कडक उन्हात टाकू नका. सावलीत, वाऱ्याखाली, मध्ये कोरा शोषक कागद घालून पसरा. साधारण दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून घाई करा. एवढ्यात सुकवणे जमणार नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवा, बुरशी थांबते आणि नंतर सवडीने सुकवता येते. चिखल लागलेले फोटो स्वच्छ पाण्याने हलके धुवा, एकमेकांना चिकटू देऊ नका. समता सैनिक दलाच्या शिबिरात कवायतीबरोबर हेही शिकवता येईल.

पाच, लेण्यांवर पहारा. इथे शिस्त हवी. लेण्याला रंग, चुना, सिमेंट लावायचे नाही. आत मेणबत्ती-अगरबत्ती लावायची नाही, काजळी चित्राला आणि अक्षराला मारते. हेतू चांगला असला तरी चुकीची दुरुस्ती किती महाग पडते ते अजिंठ्यात दिसते. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला निजाम सरकारने आणलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर लाखेचा थर दिला. तो पुढे पिवळा पडला आणि काढता काढता पुरातत्त्व खात्याला घाम फुटला. आपण डागडुजी करायची नाही, नजर ठेवायची. पावसाआधी एकदा आणि पावसानंतर एकदा, ठरलेल्या जागी उभे राहून तोच फोटो. कुठे नवी ओल, कुठे नवी भेग, कुठली पन्हाळ मातीने बुजली, याची तारखेसह नोंद. मग ती नोंद जोडून पुरातत्त्व खात्याला पत्र, उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, आणि ग्रामसभेचा ठराव. पन्हाळ उपसायची तर खात्याची परवानगी घेऊन, त्यांच्या माणसासमोर.

सहा, जिल्ह्याच्या आराखड्यात जागा. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा करणे आणि दरवर्षी तो सुधारणे बंधनकारक केले आहे. २०१७ साली राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने सांस्कृतिक वारसास्थळांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचनाही काढल्या. तुमच्या जिल्ह्याच्या आराखड्यात लेणी, विहार, वाचनालये, लढ्यांची ठिकाणे आहेत का ते विचारा. नसतील तर लेखी मागणी करा. चवदार तळे आणि गांधारपाले यांची नावे आराखड्यात हवीत, आणि त्यांच्यासोबत दरडीखालच्या व पूररेषेतल्या प्रत्येक बौद्धवाडीचे नाव हवे. ही एकच मागणी आहे, तिचे दोन तुकडे करू नका.

सात, पैसा. बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी उत्पन्नाचा विसावा हिस्सा देण्याचे आवाहन केले होते. आम्ही फार थोडे मागतो. जयंतीच्या वर्गणीचा विसावा हिस्सा बाजूला काढा. एक लाख जमले तर पाच हजार.  जिथे जमेल तिथे मुद्दल बँकेत ठेवून फक्त व्याज वापरा, जसे गोवर्धनच्या विणकरांकडे ठेवलेल्या निधीचे वापरले जाई. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात एका वाडीचे सत्तर वर्षांचे दप्तर वाचते, हा हिशेब मंडळाच्या बैठकीत मांडून पाहा. भांडण होईल. होऊ द्या, ते करण्यासारखे भांडण आहे.

१९२७ साली पाण्यापर्यंत पोहोचायला आपल्याला मार खावा लागला. आज पाणी आपल्या दारात येते आहे आणि जाताना आपली साक्ष घेऊन जाते आहे. यंदा २० मार्चला महाडला जाल तेव्हा तळ्याला वंदन करा, आणि मग अर्धा दिवस काढून गांधारपाल्याच्या पायऱ्या चढा. त्या दोन पोढी पाहा, शिलालेखाचा फोटो घ्या, वरून नदी आणि शहर पाहा. परत आल्यावर आपल्या वाडीतली ती पत्र्याची पेटी उघडा. पावसाळ्याला मग जेमतेम अडीच महिने उरलेले असतील.

जय भीम! नमो बुद्धाय!